सावकाश जेवा, मागे कोणी उभं नाही

वीकएंडला ‘सी-फूड खाऊया’ असं ठरलं की आमच्या ग्रुपचं सगळं साग्रसंगीत असतं. एसी, मंद दिवे, बटर गार्लिक क्रॅब, क्रॅब टेबलावर आल्या आल्या त्याचे फोटो आणि शेवटी बिल सहा जणांत भागण्यासाठी मोबाइलवरचं कॅलक्युलेटर. अशी जेवणं मी भरपूर जेवलेय आणि त्यावर भरपूर लिहिलंयसुद्धा. फ्रीलान्सरला कामं मिळायला लागली की सगळ्यात आधी मिळतात ती हॉटेलांवर लिहायची. त्यामुळे ‘रिलॅक्स्ड अँबियन्स’ हे दोन शब्द माझी बोटं आता मला न विचारता टाइप करतात.

गेल्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी मी गिरगावात जेवायला गेले, तेव्हा मात्र या दोन शब्दांनी मला अडवलं. बरोबर ग्रुप नव्हता, बाबा होते. आणि खरं सांगायचं तर जेवण हे निमित्त होतं. मला बाबांशी एका खोलीबद्दल बोलायचं होतं.

खोली म्हणजे आजोबांची, गिरगावातल्या चाळीतली. दहा बाय बारा. चाळ आता रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आणि राहतात थोरले काका. पावती काकांच्या नावावर व्हायची तर बाबांची ‘माझी हरकत नाही’ अशी सही हवी, तीही स्टॅम्प पेपरवर. नोटरीकडे चार वाजता जायचं ठरलं होतं. आईचं म्हणणं होतं, घाई कशाला? नवीन इमारत, तीही गिरगावात. आज नाही तर उद्या मुलीच्या कामाला येईल. आणि मी? मी रोज डोंबिवलीहून लोकलने ये-जा करते. माझा हिशेब आईच्या आधीच झाला होता.

म्हणून म्हटलं, बाबांना चांगलं जेवायला घालू, मासे बघून खूश होतील, मग विषय काढू.

भुयारातून गिरगावात

बाबांची एकच अट होती. मेट्रोने जायचं. सीएसएमटीला उतरलो आणि जमिनीखाली गेलो. काळबादेवी आणि त्यापुढचं गिरगाव, बस्स, दोनच स्टेशनं. आरे ते कफ परेड ही मेट्रो-३ संपूर्ण सुरू झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्याआधी इथे काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या, त्यावरून आंदोलनं झाली, कित्येक वर्षं रस्त्यात पत्रे होते. बाबा हे सगळं डोंबिवलीत बसून पेपरात वाचत होते. चकचकीत प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “आपल्या डोक्यावर आत्ता कोणाची तरी चाळ असेल.”

वर आलो तर रस्त्यावर तीच गडबड. जगन्नाथ शंकरशेट रोड, म्हणजे बाबांच्या तोंडी नुसता ‘गिरगाव रोड’. बाबा चालायला लागले की गाइड होतात. इकडे केशवजी नाईकांची चाळ, १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला तो इथे. तिकडे साहित्य संघ, इतकी नाटकं पाहिली की हिशेब नाही. ही वाडी, ती वाडी. मी मान हलवत होते आणि मनात माझी वाक्यं जुळवत होते.

वाटेत खोताच्या वाडीत शिरलो. तुम्ही इथे गेला नसाल तर एकदा जाच. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. पाठारे प्रभू असलेल्या या खोतांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या आणि त्यांनी लाकडी जिन्यांची, पुढे व्हरांडा असलेली, रंगीत घरं बांधली. एकेकाळी अशी साठ-पासष्ट घरं होती. आज त्यातली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत.

आणि खाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा पट्टा म्हणजे खजिना. पाठारे प्रभूंचं भुजणं आणि आटलं, त्यांचा परभी संबार मसाला. ईस्ट इंडियन घरात बाटलीत ठासून भरलेला बॉटल मसाला. सारस्वतांच्या घरी तिरफळं घातलेली आमटी आणि कोकणातून आलेल्यांच्या घरी मालवणी मसाला. मासा तोच, बाजारही तोच, चिराबाजारचा. पण चार दारांतून चार वास. फ्यूजन वगैरे शब्द आपण नंतर शिकलो.

आश्रम, भुवन आणि लंच होम

याच वाडीत अनंताश्रम होतं. ‘होतं’ म्हणायचं, कारण ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. सारस्वत पद्धतीच्या मासळीच्या जेवणासाठी लोक लांबून यायचे. तिथलं जेवण जेवढं प्रसिद्ध, तेवढेच तिथल्या वाढप्यांच्या फटकळपणाचे किस्से. जेवा आणि उठा, असा मामला. गप्पा मारायच्या तर बाहेर. आजच्या भाषेत ‘कस्टमर एक्स्पीरियन्स’ शून्य! तरी माणसं रांगेत उभी राहायची.

का? हे समजायचं असेल तर नावं बघा. अनंताश्रम. शाकाहारींसाठी माधवाश्रम. कुठे भुवन, कुठे गृह, आणि फोर्टात गेलात की लंच होम. एकानेही आपल्या दारावर ‘रेस्टॉरंट’ लिहिलं नाही. आश्रम, भुवन, होम हे सगळे शब्द घराचे. कारण तिथे येणाऱ्या माणसाला मुंबईत घरच नव्हतं.

माझे आजोबा त्यातलेच. पन्नासच्या दशकात वेंगुर्ल्याहून बोटीने आले. भाऊच्या धक्क्यावर उतरले ते थेट गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष, वळकट्या भिंतीला, ट्रंका एकावर एक. झोपायला जागा मिळाली तरी स्वयंपाक कोण करणार? मग महिन्याचे पैसे भरून खानावळ लावायची. ‘खानावळ लावणं’ हा वाक्प्रचार माझ्या पिढीला ‘नेटफ्लिक्स लावणं’सारखा वाटेल, पण अर्थ तोच. महिन्याची वर्गणी.

लालबाग-परळला हेच चित्र कितीतरी मोठं होतं. तिथे बहुतेक खानावळी म्हणजे एखाद्या बाईची राहती खोली. गिरणीत तीन पाळ्या, म्हणून तिच्या चुलीवरही तीन पाळ्या. या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून त्या झगडल्या. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि संप लांबला तसे जेवणारेच गावाला निघून गेले. खानावळीचं गणित किती नाजूक असतं बघा. पदार्थ बिघडला म्हणून ती बंद पडत नाही. रोजचा माणूस गेला की बंद पडते.

फोर्टातली लंच होम्स याच कुळातली, फक्त त्यांचं माहेर आणखी दक्षिणेला. उडुपी, मंगळूर, कुंदापूर. महेश लंच होम काय, त्रिशना काय, आज आपण तिथे पार्टी द्यायला जातो, पण ‘लंच होम’ या शब्दात ऑफिसातल्या बाबूचं दुपारचं जेवण आहे. बाबा फोर्टातल्या बँकेत होते. कोणाला प्रमोशन मिळालं की सगळे मंगळुरी जेवायला जायचे. ब्याडगी मिरचीची लालभडक गस्सी, जाळीदार नीर डोसा, रवा लावलेली काणे, म्हणजे आपली मुडदुशी. “आपल्याकडे कोकम, त्यांच्याकडे चिंच. बाकी नारळ दोघांचाही बाप,” हे बाबांचं मंगळुरी आणि मालवणी जेवणावरचं एकमेव आणि अंतिम मत.

बांगडा, तिरफळ आणि काळा फळा

आम्ही गेलो ती खानावळ एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर आहे. नाव सांगत नाही. का ते पुढे येईल.

आठ टेबलं. सनमायका मूळचा कुठल्या रंगाचा हे आता सांगता येणार नाही. भिंतीवर वेतोबाचा फोटो, त्याच्या शेजारी काळा फळा आणि फळ्यावर खडूने आजचा बाजार. बांगडा, बोंबील, मांदेली, तिसऱ्या, कोलंबी, सुरमई. पापलेटच्या पुढे काट. मालक सत्तरीला टेकलेले, गल्ल्यावर. स्वयंपाक मालकीणबाईंचा. वाढायला एक मुलगा, तो मालकांना ‘अण्णा’ म्हणतो.

मी सवयीने विचारलं, “पापलेट नाहीच का?”

“आलेला. तळहाताएवढा. घेतलो नाय,” अण्णा म्हणाले.

इथे तुम्हाला एक माहिती देते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. कारण सोपं आहे. अंडी घालण्याआधीच मासा ताटात आला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? तेव्हा ‘बेबी पापलेट’ असं गोंडस नाव मेनूवर दिसलं तर भुलू नका. फळ्यावरची ती काट मला त्या दिवशी कुठल्याही शेफ्स स्पेशलपेक्षा भरवशाची वाटली.

आम्ही सांगितलं ते असं. बांगड्याचं तिखलं, बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि नंतर भात. सोलकढी न सांगताच आली.

तिखल्याबद्दल दोन शब्द. लाल, दाट, नारळ नावापुरता, आणि त्यात तिरफळं. मिरीपेक्षा थोडं मोठं, काळपट, उललेलं हे फळ बांगड्याचा उग्र वास काढून घेतं आणि जिभेला बारीक मुंग्या आणतं. ते चावायचं नसतं, पानाच्या कडेला ठेवायचं. मी चावलं. पुढची पाच मिनिटं माझी जीभ डेंटिस्टकडे बसली होती! बाबा हसले आणि माझ्यासमोर सोलकढी सरकवली. कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, लसूण, वर कोथिंबीर. फ्रिजमधली गार नव्हती, पण घशाखाली उतरताना सगळं शांत करत गेली.

बोंबील वजनाखाली दाबून, पाणी काढून, रव्यात घोळवून तळलेले. हे तव्यावरून आले की लगेच खायचे, फोटोसाठी थांबलात तर मऊ पडतात. मी थांबले नाही. तिसऱ्या मात्र निवांत खायची गोष्ट. एकेक शिंपली उचला, मसाला चोखा, बाजूला ठेवा, पुन्हा उचला.

मी चौथी शिंपली उचलली तेव्हा माझं लक्ष गेलं. बाबांचं ताट साफ होतं. भात संपलेला, बांगड्याचा काटा मांजराला लाजवेल असा स्वच्छ केलेला, आणि ते हात धुवायला उठायच्या बेतात. घड्याळात जेमतेम बारा मिनिटं झाली होती.

बाबा घरीसुद्धा असेच जेवतात. आई आयुष्यभर त्यावरून बोलतेय. गाडी पकडायची सवय, बँकेची सवय, अशी कारणं आम्ही आमची शोधून ठेवली होती.

गल्ल्यावरून अण्णांनी पाहिलं आणि हाक मारली, “सावकास जेवा हो! कोण उठवूक येवचो नाय.”

बाबा पुन्हा बसले. हॉलभर नजर फिरवली. आठ टेबलांपैकी आमचं धरून दोन भरलेली. दुपारचा दीड वाजला होता, बुधवार होता, म्हणजे मासे खायचा हक्काचा वार.

“खरंच की,” बाबा म्हणाले. “मागे कोणी उभंच नाही.”

मागे उभा असलेला माणूस

मग बाबा बोलायला लागले. माझं भाषण तसंच राहिलं.

१९८४. बाबांचा पहिला पगार. काका तेव्हा प्रेसमध्ये नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. दोघं भाऊ अनंताश्रमात गेले. घरी रोज मासे असायचेच, पण दुसऱ्याने वाढलेलं जेवायचं, तेही स्वतःच्या पैशांनी, याचं अप्रूप. ताटं आली. बाबांना सगळं चवीचवीने खायचं होतं. तेवढ्यात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात पडला. पुढचं गिऱ्हाईक. हातात पिशवी, ऑफिसचे कपडे, नजर ताटाकडे. काही बोलला नाही, नुसता उभा राहिला.

“मला राग आला होता,” बाबा म्हणाले. “पहिला पगार, आणि हा मेला डोक्यावर. दादाने काय केलं, स्वतःची अर्धी तुकडी माझ्या ताटात टाकली आणि हळूच म्हणाला, जेव पटापट. त्याला परत कामावर जायचं असेल.”

खानावळीत उठायचा नियम भिंतीवर लिहिलेला असो वा नसो, तो सगळ्यांना माहीत होता. कारण जो आज बसलाय तो काल कोणाच्या तरी खुर्चीमागे उभा होता. आजोबांनी महिन्याची खानावळ लावली होती तेव्हा तेही उभे राहिले असणार. इतक्या माणसांना एवढ्याशा जागेत जेवायचं, तर प्रत्येकाने आपलं ताट संपलं की उठायचं. माझ्यासारखीला तो उद्धटपणा वाटतो, कारण मी टेबल बुक करून जाते.

मी म्हटलं, “बाबा, खोलीचं काय करायचं ठरवलंय?” शेवटी निघालंच तोंडातून.

“ठरवायचं काय त्यात?”

“आपला पण हक्क आहे ना तिच्यावर.”

“आहेच,” बाबा म्हणाले. “नसता तर सही कोणी मागितली असती?”

मग त्यांनी बोटाने सनमायक्यावर चौकोन काढला. इथे आजी-आजोबा. इथे पडदा, पडद्याच्या पलीकडे काका-काकू. मोरी इकडे. बाबा बाहेर गॅलरीत, पावसाळ्यात ताडपत्री लावून. काकांच्या लग्नानंतर बाबा काही वर्षं असे झोपले. मग त्यांचं स्वतःचं लग्न ठरलं. दुसरा पडदा लावायला जागाच नव्हती. कर्ज काढून डोंबिवलीला वन-रूम-किचन घेतलं.

“दादाने मला जा म्हटलं नाही. मी बघितलं आणि उठलो. पुढे आई अंथरुणाला खिळली, नऊ वर्षं वहिनीने केलं तिचं. मी रविवारी यायचो, फळं घेऊन.” बाबा थोडा वेळ थांबले. “आता उठलेल्या माणसाने परत येऊन खुर्ची मागायची?”

मला हे लगेच पटलं, असं लिहिलं तर छान शेवट होईल. पण पटलं नाही. सकाळी ७.५२ ची लोकल पकडताना अजूनही पटत नाही. बाबांच्या पिढीने उठून डोंबिवली गाठली. आम्ही उठून जायचं कुठे, अंबरनाथच्या पुढे? हे मी त्यांना म्हटलंसुद्धा. बाबा म्हणाले, “तुझा प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर दादाच्या खोलीत नाही.” यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मी तिसऱ्या संपवल्या.

अण्णांची वही

अडीचला दुसरं टेबलही उठलं. अण्णा आमच्याजवळ येऊन बसले. गाव निघालं, वेंगुर्ल्यापासून दोन गावं सोडून. मग काय, बाबा आणि अण्णा थेट मालवणीत. मला निम्मं कळत होतं, निम्मं अंदाजाने.

अण्णांकडे एक जुनी वही आहे. महिन्याच्या मेंबरांची. नाव, खोली नंबर, भरलेले पैसे. एकेकाळी पानं भरलेली. मग पानं रिकामी होत गेली. कोणी बोरिवलीला गेलं, कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला. हे म्हणताना त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. तिथे राहणारे अॅपवरून मागवतात, पण त्यांना बोनलेस हवं असतं. रविवारी मात्र जुने गिरगावकर गाड्या घेऊन येतात, सगळं कुटुंब, नातवंडं. रविवारी टेबल मिळत नाही.

“मग चांगलंच की,” मी म्हटलं. “मी लिहिते तुमच्याबद्दल. नाव छापून येईल.”

अण्णांनी हात जोडले. “नाव नको ताई. तुम्ही छापणार, एक रविवार झुंबड उडणार. त्या हिशेबाने मी मासे आणणार. सोमवारी ते खाणार कोण? माका रविवारचो माणूस नको, बुधवारचो होयो.”

मासळीच्या धंद्याचं एवढं स्वच्छ विश्लेषण मी कुठल्या प्रेस कॉन्फरन्समध्ये ऐकलेलं नाही. मासा उद्यासाठी थांबत नाही. रोज किती ताटं जाणार हे माहीत असेल तरच ताजा मासा परवडतो. त्यासाठी रोज येणारा, त्याच गल्लीत राहणारा माणूस हवा.

निघताना मी पुन्हा एकदा हॉलकडे बघितलं. पंखा फिरतोय, रेडिओ चालू, खिडकीतून उन्हाची तिरीप, घाई कोणालाच नाही. माझी बोटं सवयीने शिवशिवली. रिलॅक्स्ड अँबियन्स! मग लक्षात आलं, आठ टेबलांच्या या निवांतपणात बाबांची खुर्ची रिकामी आहे, त्यांच्या चाळीतल्या पंधरा-वीस जणांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आम्हाला सावकाश जेवता आलं, कारण मागे उभं राहायला कोणी उरलं नाही.

बाबांनी काकांसाठी पार्सल घेतलं. नोटरीकडे सहीला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकांनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही, पिशवीचा वास घेतला आणि विचारलं, “बांगडा आहे?” इमारत होईपर्यंत ते आणि काकू गोरेगावला भाड्याने राहणार आहेत. तिथे चांगला मासेवाला कुठे मिळेल, याची त्यांना खरी काळजी होती. दोघं भाऊ त्यावर अर्धा तास बोलले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबा झोपायचे ती जागा मापून बघितली. माझ्या योगा मॅटएवढी आहे.

जायचंय?

कसं: सीएसएमटीहून मेट्रो-३ ने गिरगाव, दोन स्टेशनं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी चर्नी रोडला उतरावं आणि चालत यावं.

कधी: शक्यतो बुधवारी किंवा शुक्रवारी, दुपारी. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि श्रावणात बऱ्याच खानावळींत मासळी कमी असते. पावसाळ्यात १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेट-सुरमईचा हट्ट धरू नका. बांगडा आणि बोंबील खावेत ते पाऊस संपल्यापासून थंडीपर्यंत.

काय: फळ्यावर जे असेल ते. कुठला मासा आज चांगला आहे हे विचारलंत तर मालक खूश होतात. तिरफळ चावू नका, मी सांगतेय. मंगळुरी गस्सी आणि नीर डोसा खायचा मूड असेल तर फोर्टातली लंच होम्स मेट्रोने दहा मिनिटांच्या आत आहेत.

आणखी: खोताच्या वाडीत जरूर फिरा, पण ती लोकांची राहती घरं आहेत. व्हरांड्यात कोणी बसलं असेल तर विचारून फोटो काढा. जेवण अंगावर आलं तर चौपाटीपर्यंत चालत जा.

नाव दिलं नाही म्हणून रागावू नका. गिरगावातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी एकच्या सुमाराला तिखल्याचा वास आला की आत शिरा. बुधवारी गेलात आणि पुढच्या बुधवारी परत गेलात, तर अण्णांची वही पुन्हा उघडेल. आणि तुम्ही जेवत असताना खुर्चीमागे कोणी येऊन उभं राहिलंच, तर वैतागू नका. ताट संपवा आणि उठा.